‘आज उशीर होईल’ : एका मंगळवारचं प्रकरण

हे प्रकरण माझंच आहे. नावं कुठेच दिलेली नाहीत आणि कामाच्या ठिकाणाचे तपशील मुद्दाम पुसट ठेवले आहेत. मसुदा झाल्यावर बायकोला वाचायला दिला. तिने कडेला पेन्सिलने जे लिहिलं, त्यातलं काही कंसात जसंच्या तसं ठेवलं आहे. ते गाळलं असतं तर सगळं माझ्या बाजूला झुकलं असतं. ("तरी झुकलंच आहे.")

पार्श्वभूमी

आमच्या लग्नाला 11 वर्षं झाली. मुलगी 9 वर्षांची, मुलगा 4 वर्षांचा. मी चोवीस तास चालणाऱ्या एका कारखान्यात देखभाल विभागात आहे. बरीच वर्षं शिफ्ट इन्चार्ज म्हणून काढली, आता जनरल शिफ्टला असतो. बायको एका कार्यालयात हिशेबाचं काम बघते. माझे वडील जवळच पण वेगळे राहतात. तब्येत ठीक, रक्तदाबाच्या आणि आणखी दोन-तीन गोळ्या चालू.

घटनेच्या तीन महिने आधी शेजारच्या सेक्शनचा इन्चार्ज बदली होऊन गेला. त्याच्या जागी माणूस येईपर्यंत त्याचा चार्ज माझ्याकडे आला. ‘येईपर्यंत’ या शब्दाचा अर्थ नोकरदाराला समजावून सांगायला नको. सकाळ लवकर सुरू होऊ लागली आणि संध्याकाळ कधी संपेल याचा भरवसा राहिला नाही.

मी घरी काही कळवत नव्हतो अशातला भाग नाही. उलट रोज कळवत होतो, आणि पुढच्या भांडणात माझी सगळी बाजू याच एका गोष्टीवर उभी होती. नंतर एकदा बसून मी जुने मेसेज मोजले. घटनेआधीच्या सहा आठवड्यांत कामाचे 30 दिवस होते. त्यातल्या 19 दिवशी मी "आज उशीर होईल" एवढंच पाठवलं होतं. उरलेल्या 11 दिवसांपैकी किती दिवस वेळेवर घरी आलो ते मोजलं नाही. ("मी मोजलं. 4.")

तो मंगळवार

मुलीचा पोहण्याचा क्लास मंगळवारी आणि शुक्रवारी असतो, संध्याकाळी 6 ला सुटतो. तिला आणायला मंगळवारी मी जायचं, शुक्रवारी बायकोने, असं ठरलेलं. त्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला एका पंपाचं बेअरिंग तापायला लागलं. पंप बंद करून उघडावा लागणार हे दिसत होतं. 4:40 ला मी मेसेज टाकला, "आज उशीर होईल." माझ्या डोक्यात त्याचा अर्थ स्वच्छ होता: क्लासला आज तू जा.

तिने तो 5:10 ला पाहिला. महिनाअखेर होती, समोर न जुळणारा ताळा होता. तिच्याही डोक्यात अर्थ तितकाच स्वच्छ होता: आज जेवायला माझ्यासाठी थांबू नका. आधीच्या 19 मेसेजनी तिला हाच अर्थ शिकवला होता. तिने अंगठा पाठवला. मी तो अंगठा पाहिला आणि निश्चिंत होऊन बेअरिंगकडे वळलो.

6:50 ला प्रशिक्षकांचा फोन तिला गेला. मला नाही, कारण प्रवेशाच्या अर्जावर एकच नंबर होता, तिचा. तो अर्ज मी भरला होता.

मुलगी रडली वगैरे नव्हती. ओल्या केसांनी बाकावर बसून तिने गृहपाठ संपवला होता. घरी आल्यावर तिने एकच विचारलं, "आज कोणाचा वार होता?" बायको म्हणाली, "बाबांचा." मी म्हणालो, "तसा माझाच, पण..." त्या ‘पण’वर पुढचे दोन तास गेले.

त्याच रात्रीची चूक

मुलं झोपल्यावर भांडण क्लासवरून सुरू झालं आणि साडेअकरापर्यंत ‘या घरात कोण किती करतं’ यावर येऊन थांबलं. मी, हुशारी म्हणून, सुचवलं की दोघांनी वेगवेगळ्या कागदावर स्वतःचा वाटा टक्क्यांत लिहू. मी 45 लिहिले. तिने 75. बेरीज 120.

आम्ही दोघांनीही ही दुसऱ्याच्या खोटेपणाची साक्ष मानली. खूप नंतर वाचनात आलं की मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1979 साली 37 जोडप्यांना जवळपास हेच विचारलं होतं. घरातल्या बहुतेक कामांच्या बाबतीत नवराबायकोच्या वाट्यांची बेरीज पूर्ण वाट्यापेक्षा जास्त भरली. त्यांनी दिलेलं कारण साधं आहे: आपण केलेलं आपल्याला चटकन आठवतं. मी नळ दुरुस्त केला तेव्हा मी तिथे होतो. तिने शाळेची वही मागवली तेव्हा मी तिथे नव्हतो. म्हणजे 120 ही बेरीज खोटेपणाची असेलच असं नाही, ती दोन स्मरणशक्तींची असते. हे त्या रात्री कळून काही उपयोग झाला असता असं मात्र नाही. रात्री साडेअकराला संशोधन ऐकून घेणारं माणूस अजून माझ्या पाहण्यात नाही.

नेमकं काय बिघडलं होतं

दोन दिवस अबोल्यात गेल्यावर गुरुवारी कारखान्यात नव्या मुलांचं प्रशिक्षण होतं. शिफ्ट हँडओव्हर, म्हणजे पाळी बदलताना काम सोपवणं, हा विषय दरवर्षी मीच शिकवतो, आणि दरवर्षी तेच उदाहरण देतो. 6 जुलै 1988 रोजी उत्तर समुद्रात पायपर अल्फा या तेलाच्या फलाटावर स्फोट आणि आग लागून 167 माणसं गेली. तिथे एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह देखभालीसाठी काढलेला होता. व्हॉल्व्ह जागेवर नाही ही गोष्ट रात्रपाळीपर्यंत पोचली नाही. रात्री दुसरा पंप बंद पडला, तेव्हा हा पंप चालू करण्यात आला आणि त्या जागेतून गळती होऊन स्फोट झाला. पुढे न्यायमूर्ती कलन यांच्या चौकशीचा अहवाल 1990 मध्ये आला. पाळी बदलताना माहिती कशी द्यायची, परमिट (कामाची लेखी परवानगी) कसं हाताळायचं, यावर त्यानंतर जगभर काम झालं.

मी मुलांना सांगत होतो, "लॉगबुकात ‘पंपाचा आवाज येतोय’ एवढं लिहून निघायचं नाही. काय स्थिती आहे, काय बाकी आहे, आता ते कोणाकडे आहे, हे समोर उभं राहून सांगायचं. समोरच्याने ते परत बोलून दाखवेपर्यंत चार्ज तुमचाच. रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आल्याशिवाय जागा सोडायची नाही." एका मुलाने विचारलं, "सर, आणि रिलीव्हरने नुसती मान हलवली तर?"

मी म्हणालो, "मान हलवणं म्हणजे घेणं नव्हे." आणि मला तो अंगठा आठवला.

167 मृत्यूंच्या शेजारी 50 मिनिटं बाकावर बसलेली मुलगी ठेवणं बरोबर नाही हे मला कळतं. पण बिघाडाची जात एकच होती. मी सहा आठवडे घरी बातमी देत होतो, चार्ज देत नव्हतो. "उशीर होईल" या वाक्यात माझ्याबद्दलची माहिती होती. माझ्या हातातून सुटलेल्या कामाबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. ते काम हवेत राहायचं, आणि बायको ते रोज हवेतून झेलायची. तिने झेललं की मला कळायचंही नाही की काही पडत होतं. मंगळवारी तिला ते दिसलं नाही, एवढाच त्या दिवसाचा वेगळेपणा.

(इथे तिने लिहिलं आहे: "हे वाक्य तू दोन दिवस आधी बोलला असतास तर गुरुवारपर्यंत थांबावं लागलं नसतं.")

समोर असलेले पर्याय

शनिवारी आम्ही पुन्हा बोललो. या वेळी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत. हात कामात असले आणि नजरानजर झाली नाही की कठीण बोलणं जरा सोपं जातं, हे योगायोगानेच कळलं.

पहिला विचार सगळ्यांना सुचतो तोच: दोघांच्या फोनवर एकच सामायिक कॅलेंडर. ते आम्ही वर्षभरापूर्वी करून पाहिलं होतं. कॅलेंडर भरायचं काम तिचं, त्यातलं काय राहिलं ते बघायचं काम तिचं, मला आठवण करायचं कामही तिचंच. मी फक्त बघणारा. ॲलिसन डॅमिंजर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 35 जोडप्यांच्या मुलाखतींवरून 2019 साली एक निबंध लिहिला. त्यात त्या घरकामाच्या डोक्यातल्या भागाचे चार तुकडे पाडतात: पुढे काय लागणार ते ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं, आणि झालं की नाही यावर लक्ष ठेवणं. निर्णयात दोघं बऱ्यापैकी बरोबरीने असतात, पहिला आणि शेवटचा तुकडा मात्र जास्त करून बायकोच्या डोक्यात राहतो, असं त्यांना आढळलं. आमच्या कॅलेंडरने हे दोन तुकडे तिच्याकडून काढले नव्हते, फक्त रंगीत केले होते.

दुसरा पर्याय मुलीला आणायला पैसे देऊन कोणीतरी ठेवायचं. यात वाईट काही नाही. पण त्याने मंगळवार सुटला असता, बाकीचा आठवडा तसाच.

तिसरा, दुसऱ्या सेक्शनचा चार्ज सोडून द्यायचा. बायकोचा यावर भर होता, माझा विरोध. माझं म्हणणं, जागा भरेपर्यंत मी नाही म्हटलं तर कनिष्ठ मुलांवर बोजा पडेल. तिचं म्हणणं, "तुझ्या कनिष्ठांचा विचार करणारं कोणीतरी आहे हे छान आहे." शेवटी वरिष्ठांशी बोललो. चार्ज गेला नाही, पण मंगळवारी 5:15 नंतर बिघाड झाला तर पहिला फोन मला नाही, शिफ्ट इन्चार्जला, एवढं मान्य झालं. हे मागायला मला दहा मिनिटं लागली. तीन महिने मी ते मागितलं नव्हतं, कारण नकार येईल असं मी स्वतःच ठरवून टाकलं होतं.

चौथा पर्याय, ‘पुढच्या वेळी लक्षात ठेवू’. प्रामाणिकपणे सांगायचं तर मला मनातून हाच हवा होता.

काय केलं

दोन गोष्टी ठरल्या.

एक, "उशीर होईल" हे वाक्य घरातून हद्दपार. त्याऐवजी मेसेजमध्ये माझं कोणतं काम सुटतंय आणि ते कोणी घ्यावं असं मी विचारतोय, हे यायलाच हवं. समोरून "घेतलं" हा शब्द आला तरच ते काम हललं. अंगठा चालणार नाही. दहा मिनिटांत "घेतलं" आलं नाही तर फोन. फोन लागला नाही तर काम माझंच, मग बेअरिंग गरम असो की थंड. विमानात दोन वैमानिक नियंत्रण एकमेकांना देताना असंच तीनदा बोलतात: तुझ्याकडे, माझ्याकडे, तुझ्याकडे. आम्ही दोनदावर भागवलं.

दोन, कामं तुकड्यांत न वाटता अख्खी वाटायची. ‘मंगळवारी आणणं’ माझं नाही, पोहणं माझं. म्हणजे फी, टोपी, चष्मा, सुट्टीचा निरोप, तिला सर्दी असेल तर पाठवायचं की नाही, मी नसेन तेव्हा कोण जाणार, सगळं. तसंच वडिलांची औषधं माझी. आजवर ती बायको बघत होती आणि मी ‘बाबांचं आम्ही बघतो’ असं लोकांना सांगत होतो. पहिल्या आठवड्यात औषधाच्या दुकानात उभं राहून मला वडिलांनाच फोन करावा लागला की सकाळची गोळी कोणती. ते म्हणाले, "सूनबाईला विचार." मी नाही विचारलं. चिठ्ठीचा फोटो मागवला. बारीकशी गोष्ट, पण तो फोन तिला केला असता तर औषधं पुन्हा तिच्याकडे गेली असती.

वेळेचंही काहीतरी करावं लागलं. "अर्ध्या तासात निघतो" हे माझं आवडतं वाक्य. दोन आठवडे मी म्हटलेली वेळ आणि गेटमधून बाहेर पडल्याची वेळ लिहून ठेवली. म्हटलेला अर्धा तास सरासरी सत्तर मिनिटांच्या आसपास जात होता. 1994 साली ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस (हा रॉस वरचाच) यांनी विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध किती दिवसांत होईल ते विचारलं होतं. अंदाज सरासरी 34 दिवसांचा, लागले 55. त्यांतली मजा अशी की ‘सगळं बिघडत गेलं तर किती?’ यावर त्यांनी दिलेलं उत्तर होतं सुमारे 49, म्हणजे वाईटात वाईट अंदाजही कमीच पडला. तेव्हापासून मी मनात येणाऱ्या वेळेच्या दुप्पट सांगतो. लवकर पोचलो तर कोणी भांडत नाही.

पोहण्याच्या बॅचचा प्रसंग

दुसऱ्या महिन्यात क्लासचं नूतनीकरण आलं. तारीख अर्जावर छापलेली होती, फलकावर लावलेली होती आणि प्रशिक्षकांनी मला तोंडी सांगितली होती. मी विसरलो. संध्याकाळची बॅच भरली. मुलीला महिनाभर सकाळी 7 ची बॅच मिळाली, म्हणजे मला सव्वासहाला उठून तिला सोडणं आलं आणि तिचं आठवड्यातून दोनदा झोपेत पोहणं आलं.

बायकोला तारीख माहीत होती. ती काही बोलली नाही.

हे कळल्यावर मी चिडलो, आणि माझ्या मते चिडण्यात अर्थ होता: भुर्दंड मुलीला पडला. आपल्यातली शिस्त शिकवण्यासाठी तिची झोप का? बायकोचं उत्तर कडेला आहे ते देतो: "मी चार दिवस जीभ चावून बसले होते. आठवण केली असती तर तू भरलं असतंस, आणि पोहणं त्या दिवशी परत माझं झालं असतं. पुढच्या प्रत्येक तारखेला तू माझ्या आठवणीची वाट बघितली असतीस."

या प्रकरणातला सगळ्यात अवघड निर्णय मला हाच वाटतो, आणि तो माझा नव्हता. आजही आमचं यावर एकमत नाही. मित्रमंडळींत विचारलं तर बहुतेक नवरे म्हणतात सांगायला हवं होतं, बहुतेक बायका काही न बोलता हसतात. माझा स्वतःचा कौल, बऱ्याच सकाळी तळ्याच्या काठावर जांभया देत बसल्यावर झालेला: नुकसान मुलीच्या झोपेइतकं असेल तर गप्प राहणं चालेल. वडिलांच्या गोळ्यांबाबत चालणार नाही. म्हणून तिथे आम्ही वेगळं ठरवलं. औषधांबाबत कोणालाही काहीही दिसलं तर लगेच बोलायचं, काम कोणाचं का असेना. हा फरक सुरुवातीलाच लिहून ठेवायला हवा होता. आम्हाला तो एक बॅच गमावल्यावर सुचला.

मधेच उगवलेली दुसरी अडचण

तिसऱ्या महिन्यापर्यंत व्यवस्था चालायला लागली होती. काही सुटत नव्हतं. मी जरा खुशीतच होतो.

एका रात्री बायकोने फोन माझ्यासमोर धरला. आठ दिवसांचे आमचे मेसेज. "घेतलं" 14 वेळा. बाकी तारखा, वेळा, नावं. "हे कोणाचं बोलणं वाटतं?" तिने विचारलं. मी म्हणालो, "लॉगबुक." ती म्हणाली, "मला तुझी रिलीव्हर व्हायचं नाही."

मग तिने सांगितलं की त्या दुपारी बाहेर तिला माझ्या जुन्या सहकाऱ्याची बायको भेटली. बदली होऊन गेला तोच. ती सामान न्यायला आली होती. बोलता बोलता म्हणाली, तुमच्या ह्यांना फार लागलं असेल ना, नऊ वर्षं एकत्र जेवायचे दोघं.

त्याचा चार्ज माझ्याकडे आला हे मी पहिल्या दिवशी घरी सांगितलं होतं. तो गेला, हे सांगितलं नव्हतं. म्हणजे शब्दाने सांगितलं होतं, पण जेवणाच्या सुट्टीत मी आता एकटा बसतो, हे नाही. दुपारी समोरची खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून मी जेवणाची वेळ बदलली होती, हेही नाही. का नाही सांगितलं? विचार करून मला मिळालेलं उत्तर फारसं बरं नाही. त्यात कोणी करायचं असं काही काम नव्हतं. सहा महिने मी घरी फक्त तेच नेत होतो ज्यावर कोणीतरी काहीतरी करायचं असतं.

इथे आम्ही नियम केला नाही. मला करायचा होता. ‘रोज झोपण्याआधी 15 मिनिटं बोलायचं’ असं मी सुचवलंही. ती म्हणाली, "त्यालाही ‘घेतलं’ म्हणू का?"

जे केलं ते एवढंच. गेटमधून निघण्याआधी मी पाच मिनिटं बसून उद्याचं अर्धवट काम आणि त्याची पहिली पायरी कागदावर लिहितो. मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर यांचं 2011 चं काम असं सांगतं की अपुऱ्या कामाचा ठोस बेत लिहिला, की काम न संपताही ते डोक्यात कमी टोचतं. माझ्या बाबतीत ते साधारण खरं ठरलं. पंप घरी येत नाही असं नाही, पण दारात चपला काढताना तो बाहेर थांबतो. आणि शनिवारच्या घड्या आम्ही चालू ठेवल्या, दोघांनी मिळून. तेव्हा कामाचं काही बोलायचं नाही असंही ठरवलेलं नाही. बऱ्याचदा अर्धी चादर कामाच्या बोलण्यात जाते आणि मग दुसरं काहीतरी निघतं.

सध्याची स्थिती

मंगळवारला आठ महिने होऊन गेले. या काळात मुलगी एकदाही अडकून राहिली नाही. एकदा थोडक्यात वाचलो. मी विचारलं, बायकोने "घेतलं" लिहिलं, पण तिला मी शुक्रवारचं विचारतोय असं वाटलं होतं. मुलीनेच क्लासमधून फोन करून विचारलं, कोण येतंय? म्हणजे शब्द परत आला की काम पोचलंच असं धरणंही धोक्याचं. आता वार आणि वेळ लिहूनच "घेतलं" येतं.

बायकोच्या कार्यालयात मध्यंतरी लेखापरीक्षण होतं. त्या पंधरवड्यात तिचे सलग चार मेसेज आले: "आज उशीर होईल." मी काही बोललो नाही. ("बोलला नाहीस, पण चारही मेसेजना अंगठा पाठवलास.")

टक्क्यांचे कागद आम्ही पुन्हा लिहिलेले नाहीत. माझा अंदाज, बेरीज अजूनही शंभराच्या वरच भरेल. दुसऱ्या सेक्शनला माणूस अजून आलेला नाही.

पुन्हा करायचं झालं तर

4:40 ला फोन करायला हवा होता, हे तर उघड आहे. पण त्याहून आधीची एक जागा आहे, आणि ती मला जास्त खुपते: प्रवेशाचा अर्ज. तिथे पालकाच्या नंबरासाठी दोन ओळी होत्या. मी पहिलीत तिचा नंबर घातला आणि दुसरी रिकामी सोडली. हात थांबला नाही, विचार आला नाही. काही चुकलं तर क्लासवाल्यांनी कोणाला बोलवायचं, हे मी त्या दिवशीच ठरवून टाकलं होतं. मंगळवारची घटना घडायला नंतर फक्त एक बेअरिंग लागलं.

मुलीला आम्ही फार उशिरा सामील करून घेतलं. 9 वर्षांच्या मुलीला सव्वासहाला कोणी आलं नाही तर काय करायचं हे माहीत हवं. तिला दोघांचे नंबर पाठ आहेत की नाही, हे आम्ही घटनेनंतर तपासलं. आईचा होता.

त्या रात्री भांडायला नको होतं असं मी म्हणणार नाही, पण मोजायला नको होतं. आणि वरिष्ठांशी बोलणं तीन महिने आधी व्हायला हवं होतं. त्याबद्दल माझ्याकडे कोणतंच कारण नाही.

अर्ज मी बदलून दिला. आता पहिला नंबर माझा आहे. गेल्या महिन्यात कामावर असताना प्रशिक्षकांचा फोन आला तेव्हा छातीत धस्स झालं. मुलगी चष्मा विसरली होती आणि दुसऱ्या कोणाचा घालायला तयार नव्हती, कारण तो गुलाबी होता. मी तिच्याशी बोललो, ती ऐकेना, शेवटी डोळे मिटून पोहली आणि दोनदा भिंतीला धडकली. रात्री घड्या घालताना ते बायकोला सांगितलं. तिला त्यात करायचं काहीच नव्हतं.